प्रवाळ मत्स्यालयातील आयोडीनचे व्यवस्थापन

प्रवाळ मत्स्यालयातील आयोडीनचे व्यवस्थापन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत आयोडीन या मूलद्रव्याचे प्रमाण नैसर्गिक समुद्राच्या जवळपास राखणे होय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०६ मिलिग्रॅम आयोडीन असते. त्याच लिटरभर पाण्यात कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमहून अधिक आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रस्तुत विषयातील अडचण ध्यानी येते. इतक्या सूक्ष्म प्रमाणात चूक होण्यास थेंबभर द्रावणही पुरते.

== समुद्रातील आयोडीन ==

आयोडीनचा शोधच मुळी समुद्राशी निगडित आहे. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा यांना सागरी शैवालाच्या राखेपासून सोरा तयार करण्याच्या उद्योगात या मूलद्रव्याची जांभळी वाफ प्रथम दिसली. समुद्राच्या पाण्यात ते मुख्यतः आयोडेट आणि आयोडाइड या दोन रूपांत आढळते. काही अंश सेंद्रिय पदार्थांशी बांधलेला असतो. आयोडेटचे आयोडाइडमध्ये रूपांतर घडविण्यात सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा आहे.

तपकिरी शैवाल पाण्यातील आयोडीन हजारो पटींनी आपल्या शरीरात साठविते. समुद्रपंखा या प्राण्याच्या शिंगासारख्या सांगाड्यातही आयोडीन असते. एडमुंड ड्रेक्सेल यांनी १८९६ साली त्यातून आयोडीनयुक्त अमिनो आम्ल वेगळे केले. माशांना अवटु ग्रंथीच्या संप्रेरकासाठी आयोडीन लागते. मोठ्या मत्स्यालयांत पाळलेल्या शार्क माशांना गलगंड झाल्याच्या नोंदी आहेत. पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरलेला ओझोन आयोडाइडचे आयोडेट करतो, तसेच साचलेले नायट्रेट आयोडीनच्या शोषणास अडथळा आणते, अशी त्याची कारणे सांगितली जातात.

कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना पाण्यातील आयोडीनची नेमकी किती गरज असते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. आयोडीन घातल्याने कोळंबीची कात सुलभपणे गळते, ही छंदिष्टांमधील समजूतही भक्कम पुराव्यावर उभी नाही.

== टाकीतील घट आणि भरपाई ==

बंदिस्त टाकीत शैवाल आयोडाइड शोषून घेते. सक्रिय कोळसा आणि प्रोटीन स्किमर यांमुळेही काही भाग निघून जातो. भरपाईचे सर्वांत सुरक्षित मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे दर एक-दोन आठवड्यांनी दहा ते पंधरा टक्के पाणी बदलणे, आणि दुसरा खाद्यातून. कारण समुद्री शैवाल, कोळंबी व सागरी मासळी यांपासून केलेल्या खाद्यात आयोडीन असतेच. मत्स्यालयातील आयोडीनवर विस्ताराने लिहिणारे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनीही विशिष्ट पातळी गाठण्यासाठी चाचणी संच व पूरक द्रावण यांच्या मागे लागू नये, असेच मत मांडले आहे. घरगुती चाचणी संचांपैकी अनेक आयोडीनची सर्व रूपे मोजत नाहीत; एकाच पाण्यातील आकडे म्हणूनच संचागणिक वेगळे येतात.

तरीही बाहेरून आयोडीन घालावयाचे असल्यास आधी हिशोब करावा. बाजारात मिळणाऱ्या ल्यूगोलच्या द्रावणाचा नेहमीचा प्रकार ५ टक्के आयोडीन आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड असा असतो. एका मिलिलिटरमध्ये मुक्त आयोडीन ५० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम आयोडाइडमधील सुमारे ७६ मिलिग्रॅम मिळून १२६ मिलिग्रॅम आयोडीन भरते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास एका थेंबात ६ मिलिग्रॅमहून थोडे अधिक आयोडीन येते. आता शंभर लिटरच्या टाकीतील सर्व नैसर्गिक आयोडीन ०.०६ × १०० म्हणजे ६ मिलिग्रॅमच असते. याचा अर्थ एक थेंब टाकताच टाकीतील संपूर्ण साठा दुप्पट होतो. ‘रोज दोन थेंब’ हा मित्रमंडळींकडून मिळणारा सल्ला टाकीचे आकारमान व द्रावणाची तीव्रता न विचारता दिलेला असेल, तर तो सल्ला नव्हेच. शिवाय मुक्त आयोडीन जंतुनाशक आहे. पाण्याची शुद्धी राखणाऱ्या उपयुक्त जीवाणूंनाही ते अपाय करू शकते. जखमेवर लावण्याचे पोव्हिडोन आयोडीन किंवा टिंक्चर टाकीत कधीही घालू नये.

== खाण्याचे मीठ ==

आयोडीनयुक्त मीठ घालून समुद्राचे पाणी तयार करता येईल का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. भारतात खाण्याच्या मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात. उत्पादनाच्या वेळी आयोडीनचे प्रमाण दर किलोस ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत किमान १५ मिलिग्रॅम असावे, असा दंडक आहे. समुद्राच्या पाण्याइतका खारटपणा आणण्यासाठी लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घातले, तर पहिल्या प्रमाणाने १०५० मायक्रोग्रॅम आयोडीन येईल. म्हणजे समुद्राच्या सुमारे सतरा पट. पण खरा दोष त्याहून मोठा आहे. या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेट जवळजवळ नसतातच, आणि अशा पाण्यात प्रवाळ तग धरीत नाही. गोड्या पाण्यातील माशांच्या उपचारासाठी लिटरमागे एक-दोन ग्रॅम मीठ घालतात, त्यातून ३० ते ६० मायक्रोग्रॅमच आयोडीन मिळते. तेथे मिठातील आयोडीनची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

== गोंदियासारख्या भूवेष्टित जिल्ह्यात ==

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला जातो. नवेगावबांध, इटियाडोह आणि असंख्य मालगुजारी तलाव यांमुळे येथील मत्स्यज्ञान गोड्या पाण्याचे आहे. ढीवर समाजाची मासेमारीही त्याच पाण्यावर चालते. गोंदिया मुंबई-हावडा लोहमार्गावर असले, तरी मुंबई तेथून जवळजवळ हजार किलोमीटर दूर आहे. समुद्राचे पाणी आणणे अव्यवहार्य असल्याने आरओचे पाणी आणि तयार सागरी क्षारमिश्रण हाच पर्याय उरतो. चांगल्या मिश्रणात आयोडीन आधीच असते, त्यामुळे नियमित पाणी बदलणाऱ्यास वेगळी बाटली घ्यावी लागत नाही.

येथे आयोडीनपेक्षा उन्हाळा अधिक कठीण. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश तापमान मानवते. चिलर आणि वीज गेल्यावर चालणारा हवापंप यांची सोय नसेल, तर आयोडीनचा विचार नंतर करावा. बाष्पीभवनात पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून घटलेली पातळी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

== कायदेशीर बाजू ==

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. मालवणच्या किनाऱ्यालगतचे किंवा विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ तोडणे, विकणे वा घरी बाळगणे त्यामुळे गुन्हा ठरते. ज्याच्या सांगाड्यात ड्रेक्सेल यांना आयोडीन सापडले, तो समुद्रपंखा भारतात घरच्या टाकीत ठेवताच येत नाही. विक्रेत्याने ‘परदेशी माल’ असे सांगितले, तरी खरेदीपूर्वी कागदपत्रे पाहून वनविभागाकडे खात्री करून घ्यावी. परदेशी पुस्तकांतील आयोडीनच्या मात्रा बहुधा कठीण प्रवाळांनी भरलेल्या टाक्यांसाठी दिलेल्या असतात; मासे, कोळंबी आणि शैवाल असलेल्या टाकीस त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत.