जलचक्राचा बाण

परवा नातीच्या वहीत जलचक्राची आकृती बघितली. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर आणि गोल फिरणारे बाण. हेच चित्र मी सदतीस वर्षे फळ्यावर काढत आले. पण ते बघितले की मला एकच वर्ग आठवतो.

साल १९७२. माझी नोकरी नवीन, गाव सोलापूर जिल्ह्यातले. आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला, त्या वर्षी तर पाठच फिरवलेली. पोरांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, सुकडी खाऊन दिवस काढत. अशा दिवसांत मी शिकवत होते, "पाणी कधी नाहीसे होत नाही, ते फिरून परत येते." मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मंग आमच्या हिरीचं का न्हाई आलं?"

वर्ग हसला नाही. मी म्हणाले, "येईल पुढच्या पावसाळ्यात, बस खाली." तो बसला. मला मात्र ते उत्तर आजही टोचते.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळले की त्या मुलाचा प्रश्न फार जुना आहे. झऱ्यांना आणि नद्यांना पाणी येते कुठून? पाऊस तर थोडे दिवस पडतो, नदी वर्षभर वाहते. म्हणून युरोपात शेकडो वर्षे मोठमोठे विद्वान मानत, की समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढते आणि वाटेत गोडे होते. बर्नार्ड पालिसी नावाच्या फ्रेंच कुंभाराने १५८० साली छापून सांगितले, की झऱ्यांचे पाणी पावसाचेच. पण लॅटिन न शिकलेल्या कुंभाराचे कोण ऐकतो!

पुढे १६७४ मध्ये पिएर पेरो याने वाद घालण्याऐवजी हिशेब मांडला. (सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ. सरकारी वसुलीची नोकरी गमावून बसलेला.) त्याने तीन वर्षांच्या पावसाची सरासरी काढली, सीन नदीच्या उगमाजवळच्या मुलखावर किती पाणी पडते ते काढले आणि नदीतून किती वाहते त्याच्याशी ताडून बघितले. नदीला पावसाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकेच पाणी लागत होते! पाऊस पुरून उरत होता. मग १६८७ साली एडमंड हॅलीने (धूमकेतूवाला) मिठाचे पाणी भांड्यात तापवून, वजन करून दाखवले, की समुद्रावरून वाफ होऊन जाणारे पाणीही थोडेथोडके नसते. असे एकेका मोजमापाने वर्तुळ जुळत गेले.

आणि आपल्याकडे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे. कोरड्या मुलखाला १६ द्रोण, अवंतीला २३ द्रोण आणि अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला, अमित! पेरणी काय करायची हे त्यावरून ठरवायचे. चक्र फिरते एवढे कळून पोट भरत नाही, आपल्या वाट्याला किती आले ते कळावे लागते.

त्या मुलाला हेच सांगायला हवे होते. बाळा, पाणी परत येते, पण त्याच विहिरीत, त्याच वर्षी येईल असे नाही. जे येते त्यातले मुरते किती आणि वाहून जाते किती, ते आपल्याला मोजता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरला, तरी ५०,००० लिटर होते. सरळ बाजूंचा एक डबा आणि पट्टी, एवढेच लागले असते. मी खडूचे बाण काढत बसले.

तो मुलगा आता साठीच्या पुढे असेल.

असो. यंदा नातीने आणि मी गच्चीवर डबा ठेवला आहे. रोज सकाळी पट्टी बुडवून ती आकडा वहीत लिहिते, कोरड्या दिवशी शून्यही लिहिते. मंडळी, तुमच्या शाळेत कधी कुणी पाऊस मोजायला लावला होता का? जरूर कळवा.