दर्शनी पान : रद्दीत जाणाऱ्या एका कलेचा इतिहास

ज्या कागदाचे आयुष्य एका रविवारपुरतेच धरलेले असते, त्यावरील चित्राचा इतिहास सांगण्याजोगा असतो काय? हा प्रश्न आरंभीच विचारून टाकलेला बरा. कारण आजचा विषय अमेरिकेतील चित्रकथांचा, म्हणजे कॉमिक्सचा आहे. आणि हे नाव काढताच पुष्कळ सुजाण माणसांच्या कपाळाला आठी पडते. त्यातही आपण सबंध चित्रकथेकडे न पाहता तिच्या फक्त पहिल्या पानाकडे पाहणार आहोत. या पानाला तिकडे ‘स्प्लॅश पेज’ म्हणतात. पाण्यात धोंडा पडावा आणि चोहीकडे शिंतोडे उडावेत, तसे हे चित्र पानभर उसळलेले असते. आपण त्याला दर्शनी पान म्हणू.

या पानाचा जन्म गरजेतून झाला. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कॉमिक पुस्तक साधारणतः ६४ पानांचे असे आणि १० सेंटला मिळे. एका पुस्तकात अनेक कथा असत. मुखपृष्ठ मात्र एकच आणि तेही बहुधा एकाच नायकाच्या वाट्याला येई. म्हणून आतल्या प्रत्येक कथेला स्वतःचा दरवाजा लागे. मोठे चित्र, ठळक अक्षरांत नाव आणि दोन-चार ओळींचा मजकूर, अशी त्या दरवाजाची बांधणी असे. यातील प्रसंग कथेच्या आरंभीचाच असेल असे नाही. पुष्कळदा तो शेवटाजवळचा असे, तर कधी कथेत मुळीच न घडणारा. आपल्या संगीत नाटकाची नांदी जशी कथानकाचा भाग नसते, पण प्रेक्षकाचे मन नाटकाकडे वळवते, तसेच या पानाचे काम. १९४१ साली जो सायमन व जॅक कर्बी या जोडीने ‘कॅप्टन अमेरिका’मध्ये हे चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरवले. पण एकंदरीत पाहता या पानाची भूमिका हाळी देणाऱ्या विक्रेत्याचीच राहिली.

तिला वेगळे वळण लावणारा पुरुष म्हणजे विल आयझ्नर. त्यांचा जन्म ६ मार्च १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये, युरोपातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांनी एके काळी नाटकांचे पडदे रंगवले होते. मुलाच्या चित्रांतील दिव्यांची मांडणी, जिने, खिडक्या आणि सावल्या पाहिल्या की या वारशाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २ जून १९४० पासून आयझ्नर यांची ‘द स्पिरिट’ ही मालिका सुरू झाली. डेनी कोल्ट हा गुप्तहेर मेला असे जग समजते; तो मात्र स्मशानाखाली राहून, डोळ्यांवर मुखवटा चढवून गुन्हेगारांचा पाठलाग करतो. कल्पना फार नवी नव्हती. नवे होते ते तिचे प्रकाशन. ही मालिका पुस्तकाच्या दुकानात मिळत नसे. रविवारच्या वृत्तपत्राबरोबर १६ पानांची एक रंगीत पुरवणी घरोघर येई, आणि तिच्यातील पहिली सात-आठ पाने ‘स्पिरिट’ची असत. भरभराटीच्या काळात सुमारे २० वृत्तपत्रे ही पुरवणी वाटत आणि तिचा खप ५० लाखांच्या घरात होता.

या व्यवस्थेचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. दुकानात मांडलेल्या पुस्तकाचे नाव दर वेळी त्याच अक्षरांत छापावे लागते. नाहीतर साबणाच्या वडीचे वेष्टन बदलल्यावर गिऱ्हाईक गोंधळते तसा वाचक गोंधळतो. ‘स्पिरिट’ला ही भीती नव्हती. वृत्तपत्र विकत घेतले की पुरवणी घरात आलीच. शिवाय तिला निराळे मुखपृष्ठ नव्हते. कथेचे पहिले पान तेच मुखपृष्ठ. तेव्हा आयझ्नर यांनी दर आठवड्याला नावाचीही नवी रचना करण्यास आरंभ केला. कधी ‘स्पिरिट’ ही अक्षरे म्हणजे उंच दगडी इमारती होत आणि त्यांच्या पायथ्याशी माणसे मुंग्यांसारखी दिसत. कधी नाव भिंतीवरील फलकावर येई, तर कधी वर्तमानपत्राच्या मथळ्यात. शीर्षक चित्राच्या डोक्यावर ठेवलेले न राहता चित्रातली वस्तू बनले. व्यापाराच्या एका सोयीतून कलेला मोकळीक मिळाली, ती अशी.

१९४२ ते १९४५ या काळात आयझ्नर सैन्यात होते आणि मालिका इतरांनी चालवली. ते परतले त्यानंतरची चार-पाच वर्षे ही या पानाच्या वैभवाची वर्षे होत. कथा आता सातच पानांची होती. त्यांतले एक पान चित्राला द्यायचे, तर त्या पानाने स्थळ, वेळ आणि मनःस्थिती या तिन्ही गोष्टी सांगून टाकल्या पाहिजेत. रात्र, ओला रस्ता, एका खिडकीतून पडलेला पिवळा उजेड. एवढ्यावर वाचक गोष्टीत शिरे. त्यांचा पाऊस तर इतका प्रसिद्ध झाला की हार्वे कर्ट्झमन या व्यंगचित्रकाराने आयझ्नर यांच्या नावावरून त्या पावसाचे एक गमतीदार नामकरणच केले. ऑक्टोबर १९४६ मध्ये पी’जेल ही मोहिनी अवतरली. पहिल्याच पानावर ती आरामात पहुडलेली असून थेट वाचकाच्या डोळ्यांत पाहून आपली ओळख करून देते आणि ही गोष्ट लहान मुलांसाठी नव्हे, अशी ताकीदही देते. ताकीद अर्थातच आमंत्रणाचे काम करते.

छपाई मात्र सामान्य. वर्तमानपत्री कागद शाई पिई, आणि रंग म्हणजे पिवळा, तांबडा, निळा व काळा या चार शायांचे ठिपके. बारीक छटा अशा कागदावर टिकत नाहीत. म्हणून आयझ्नर यांनी भार टाकला तो गडद काळ्यावर. त्यांच्या सावल्या गूढतेसाठी जितक्या आहेत, तितक्याच त्या स्वस्त कागदावर मात करण्यासाठीही आहेत.

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली ही, की पानावर सही एकाची असली तरी हात अनेकांचे असत. जेरी ग्रँडेनेटी यांनी मागची शहरे रेखाटली, एब कनेग्सन यांनी अक्षरे लिहिली आणि ज्यूल्स फायफर हे १९४६ मध्ये उमेदवार म्हणून आले ते पुढे कथाही लिहू लागले. मोगल दरबारातील चित्रशाळेसारखाच हा कारखाना होता. आराखडा आणि शेवटचा शब्द आयझ्नर यांचा होता हे खरे, तरी कौतुक करताना या माणसांची नावे गाळणे न्याय्य नव्हे. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. नायकाचा मदतनीस एबनी व्हाइट हा कृष्णवर्णी मुलगा. त्याचे जाड ओठ आणि वेडीवाकडी बोली ही त्या काळच्या वर्णद्वेषी चेष्टेची नक्कल होती. या प्रश्नाला आयझ्नर यांना उतारवयापर्यंत उत्तर द्यावे लागले. रेषा सुंदर असली म्हणून तिने केलेला अपमान पुसला जात नाही. रसिकाने दोन्ही पाहिले पाहिजे.

५ ऑक्टोबर १९५२ रोजी मालिका थांबली. तो काळच प्रतिकूल होता. १९४८ साली स्पेन्सर आणि बिंगहॅम्टन या गावी शाळकरी मुलांकडून कॉमिक्सची होळी करवण्यात आली होती. १९५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचे आरोपांनी भरलेले पुस्तक निघाले, सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली. मूळ चित्रांची दशा तर याहून वाईट. ती प्रकाशकांच्या मालकीची मानली जात, आणि छपाई झाल्यावर कित्येक नष्ट झाली. आयझ्नर यांनी मात्र १९४० च्या करारातच आपल्या निर्मितीची मालकी आपल्याकडे राहील अशी तजवीज केली होती आणि मूळ चित्रे जपून ठेवली होती. फायफर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने जुन्या वाचकांना त्यांची आठवण करून दिली. १९७० नंतरच्या दशकात ‘स्पिरिट’ पुन्हा छापला गेला. १९७८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आयझ्नर यांनी ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ प्रसिद्ध केले. तेथे मुखवटा नाही, गुन्हेगार नाहीत. पण आरंभी पुन्हा तोच पाऊस आहे, आणि त्यात मुलीला पुरून एकटाच घरी परतणारा बाप. दर्शनी पान आता विक्रेत्याची हाळी राहिले नव्हते. १९८८ पासून अमेरिकेत चित्रकथांना त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. ३ जानेवारी २००५ रोजी ते निवर्तले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. रद्दीत जाणारा कागद हलका असेल, पण त्यावर खपलेले कष्ट हलके नव्हते. अशा चित्रांतले काय उरते हे पुष्कळदा गुणवत्तेवर ठरत नाही. मूळ चित्र कोणाच्या ताब्यात राहिले, यावर ठरते. तेव्हा एखादी जुनी चित्रकथा हाती आली, तर ‘पुढे काय झाले’ म्हणून घाईने पान उलटू नये. पहिल्या पानावर मिनिटभर थांबावे. नाव कोठे दडले आहे, उजेड कोठून येतो आहे ते पाहावे, आणि कोपऱ्यातील सहीमागे किती हात असतील, याचाही विचार करावा.