काशीच्या घाटांवरील पदभ्रमण आणि अठराव्या शतकाचे विस्मरण

प्रस्तावना

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटापासून पंचगंगा घाटापर्यंतचे अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे. पहाटे निघालेला पर्यटकांचा किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या अभ्याससहलीचा गट गाइडच्या मागोमाग पायऱ्या चढत-उतरत, मध्ये चहाला थांबत हे अंतर दोन-अडीच तासांत पुरे करतो. अलीकडे या प्रकाराला ‘हेरिटेज वॉक’ असे नाव मिळाले आहे. या फेरीत सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द म्हणजे ‘प्राचीन’. घाट प्राचीन, आरती प्राचीन, गल्ल्या प्राचीन. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, हा सारा दगडी किनारा पुराणकाळापासून जसाच्या तसा उभा आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत जे ऐंशीहून अधिक घाट मोजले जातात, त्यांतील पक्क्या दगडी बांधकामाचा फार मोठा भाग अठराव्या शतकातील व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. तीर्थे जुनी आहेत. त्यांची नावे, माहात्म्य आणि स्नानाची परंपरा जुनी आहे. पण आज पायाखाली येणारी पायरी बहुधा तीनशे वर्षांच्या आतली असते. तीर्थाचे वय आणि दगडाचे वय या दोन भिन्न गोष्टी होत. पदभ्रमणात त्या एकमेकींत मिसळल्या की, मधल्या काळात कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी हा किनारा बांधला, हा प्रश्नच उरत नाही. मराठी भाषकांच्या दृष्टीने हे विस्मरण विशेष विचार करण्याजोगे आहे.

जुनी वाट, जुने वाटाडे

वाटाड्यासह काशी पायी पाहणे ही पर्यटन खात्याची नवी कल्पना नव्हे. अंतर्गृह यात्रा, पंचतीर्थी, पंचक्रोशी या मुळात क्रम ठरवून दिलेल्या पायी फेऱ्याच आहेत. स्कंदपुराणातील काशीखंडात कोठे थांबावे, काय पाहावे, कोणत्या स्थळाची कोणती कथा सांगावी याचा तपशील येतो. सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांसाठी ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. नारायणभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. तोडरमलाच्या साह्याने झालेल्या विश्वेश्वर मंदिराच्या पुनरुभारणीशीही नारायणभट्टांचे नाव जोडले जाते. १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे त्यांचे पणतू. म्हणजे काशीची वाट दाखविणाऱ्या ग्रंथकारांत दक्षिणी पंडितांचे स्थान मराठी राज्य स्थापन होण्यापूर्वीच पक्के झालेले होते.

यात्रेकरूला प्रत्यक्ष हिंडविण्याचे काम तीर्थोपाध्याय करीत आणि आपल्या वहीत त्याचे गाव, कुळ व पूर्वज नोंदवीत. आजचा गाइड या तीर्थोपाध्यायाचाच वारसदार मानता येईल. फरक आहे तो कथेच्या हेतूत. उपाध्यायाची कथा यात्रेकरूला विधीपर्यंत नेत असे. गाइडची कथा त्याला छायाचित्रापर्यंत नेते. दोघांनाही सनावळीची गरज भासत नाही, आणि यात गाइडचा दोष काढणे फारसे न्याय्य नाही. अडचण इतकीच की, सोबतचे प्राध्यापकही बहुधा तीच कथा वहीत उतरवून घेतात.

घाट कसा उभा राहतो

गंगा येथे उत्तरवाहिनी आहे. शहर तिच्या उंच पश्चिम काठावर वसलेले असून समोरचा काठ सखल व वाळूचा आहे. पावसाळा आणि उन्हाळा यांतील पाण्याच्या पातळीत, मोठा पूर आल्यास, दहा मीटरहून अधिक फरक पडतो. १९७८ च्या महापुरात पाणी शहराच्या वस्तीत दूरवर शिरले होते. पूर ओसरल्यावर दरवर्षी घाटांवर गाळाचे थर साचतात व ते पंप लावून धुवून काढावे लागतात. अशा काठावर पायऱ्यांची रांग टिकविणे म्हणजे खोल पाया, मागे भक्कम भिंत आणि प्रवाहाचा मारा झेलणारे बुरूज. हे बुरूज घाटाची शोभा वाढवितात, परंतु त्यांचे मूळ काम नदीला अडविण्याचे आहे.

दगड चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगाला गंगेवरच असल्याने तेथील वाळूचा दगड नावांतून प्रवाहाबरोबर खाली आणता येई. या कामाला पाथरवट, नावाडी, चुना तयार करणारे आणि वर्षानुवर्षे पुरेल इतका पैसा लागे. अनेक घाटांना नाव पैसा देणाऱ्याचे मिळाले. दगड बसविणाऱ्याचे नाव कोठल्याही घाटाला नाही.

ज्यांचे राज्य नव्हते त्यांचे बांधकाम

हा पैसा अठराव्या शतकात मोठ्या प्रमाणावर मराठी सत्ताधाऱ्यांकडून आला. दशाश्वमेध घाटाच्या पक्क्या बांधणीशी पेशवा बाळाजी बाजीराव यांचे नाव निगडित आहे. ब्रह्माघाट व दुर्गाघाट यांच्याशी नारायण दीक्षित पाटणकर यांचे, तर अहिल्याघाट आणि मणिकर्णिकेच्या पुनर्बांधणीशी अहिल्याबाई होळकर यांचे नाव येते. भोसला घाट नागपूरकरांचा आहे. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस असलेला दरभंगा महाल आधी नागपूर दरबाराशी संबंधित मुन्शींचा होता. पुढे तो दरभंग्याच्या राजांकडे गेला आणि आज त्यात हॉटेल आहे. नावाच्या पाटीवर मात्र शेवटचा मालकच उरला.

या सर्व काळात काशी मराठ्यांच्या ताब्यात कधीच नव्हती. ती अवधच्या नवाबांच्या अमलाखाली होती व प्रत्यक्ष कारभार मनसाराम, बळवंतसिंह आणि चेतसिंह यांच्या घराण्याकडे होता. १७७५ च्या तहाने नवाब आसफउद्दौला याने हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीला दिला. काशी-प्रयाग आपल्या अमलात यावीत ही पेशव्यांची आकांक्षा पत्रव्यवहारातून पुनःपुन्हा व्यक्त होते; ती सफल झाली नाही. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास उभारले, तेव्हा शहरावर वर्चस्व कंपनीचे होते. १७८१ मध्ये चेतसिंहाचा उठाव झाला. पुढे १७८५ मध्ये मंदिरासमोर नौबतखाना उभा राहिला तो वॉरन हेस्टिंग्जच्या आदेशावरून, अली इब्राहीम खान यांच्या देखरेखीखाली. एका मंदिराभोवती माळव्याच्या राणीचा पैसा, कंपनीच्या गव्हर्नर जनरलचा आदेश आणि मुसलमान न्यायाधिकाऱ्याची देखरेख एकत्र यावी, हे ‘प्राचीन’ या एका शब्दात बसणारे नाही.

जेथे राज्य करता येत नाही तेथे घाट बांधून आपले स्थान निर्माण करणे, असा या बांधकामांचा एक अर्थ लावता येतो. त्यात श्रद्धा होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु श्रद्धेलाही जमीन मिळवावी लागते, स्थानिक सत्तेशी बोलावे लागते, हुंडीने पैसा पाठवावा लागतो. या व्यवहारात विधवा स्त्रियांचा वाटा लक्षणीय आहे. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेतील राजपूत दरबारांनी त्यांचा सन्मान केला. ती यात्रा राजकारणापासून अलिप्त नव्हती. अहिल्याबाईंना १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात वैधव्य आले. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये निवर्तल्यानंतर बायजाबाई शिंदे यांनी ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला आणि त्याच सुमारास ज्ञानवापीजवळचा स्तंभयुक्त मंडप व शिंदे घाट यांची कामे केली. तीर्थक्षेत्रातील बांधकाम हे विधवेला सर्वमान्य असलेले धर्मकार्य होते, आणि सत्ता चालविणाऱ्या या स्त्रियांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. मराठ्यांपुरतेच हे खरे होते असेही नाही. दुर्गाकुंडाचे मंदिर बांधणाऱ्या नाटोरच्या राणी भवानी याही विधवाच होत्या.

अनंत सदाशिव आळतेकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांचा काशीच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्वाचीन बनारस ही बहुतांशी मराठ्यांची निर्मिती आहे, अशा आशयाचे त्यांचे विधान पुढे पुष्कळदा उद्धृत झाले. नदीकाठापुरते ते बरेचसे ग्राह्य आहे. तथापि त्याचा अभिमानाने पुनरुच्चार करताना आंबेरच्या मानसिंहाचा महाल, त्याच्या गच्चीवरील सवाई जयसिंहाची वेधशाळा, ललिता घाटावरील नेपाळी मंदिर, बंगाली जमीनदार, गोसावी मठ आणि सावकार हे सारे बाजूला पडतात. ‘प्राचीन’ म्हणण्याने अठरावे शतक हरवते, तर ‘सगळे आपलेच’ म्हणण्याने ते आकुंचित होते.

कलते मंदिर

गाइडची कथा आणि इतिहास यांतील नाते पाहावयाचे तर मणिकर्णिकेला लागून असलेल्या शिंदे घाटावर थांबावे. येथे पाण्याच्या कडेला रत्नेश्वराचे मंदिर एका अंगाला स्पष्ट कललेले दिसते. त्याच्या दोन कथा सांगितल्या जातात. पहिलीत मानसिंहाच्या एका सेवकाने आपली आई रत्नाबाई हिच्यासाठी मंदिर बांधले आणि ‘मातृऋण फिटले’ अशी बढाई मारली. आईचे ऋण फिटत नसल्याने मंदिर कलले. दुसरीत रत्नाबाई ही अहिल्याबाईंची दासी असून तिने मंदिराला स्वतःचे नाव दिल्यामुळे राणीचा शाप लागला. मानसिंह सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, अहिल्याबाई अठराव्या शतकातल्या. रत्नाबाई दोन्ही कथांत आहे. तिच्या भोवतीचा काळ मात्र दोनशे वर्षांनी सरकतो.

मंदिर का कलले याचे उत्तर याच घाटाच्या हकिकतीत मिळते. बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास येथे उभारलेले दगडी काम इतके वजनदार होते की, काठाची जमीन त्याखाली खचली व घाट ढासळला. म्हणून कथा निरुपयोगी ठरत नाही. पहिली कथा आईच्या ऋणाविषयी बोलते, दुसरी दासीने आपले नाव दगडावर कोरण्याचे धाडस केले तर काय होते याविषयी. ज्या किनाऱ्यावर अनेक घाटांना धन्याचे नाव आहे तेथे एका दासीच्या नावाचे मंदिर वाकडे उभे असल्याचे लोकांनी सांगावे, ही सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

जुने दिसणारे नवे

काही गोष्टी तर अठराव्या शतकाइतक्याही जुन्या नाहीत. दशाश्वमेधावरील संध्याकाळची भव्य आरती आजच्या स्वरूपात १९९० च्या दशकातली आहे. विश्वनाथ धामाच्या प्रकल्पासाठी मंदिर आणि ललिता घाट यांमधील सुमारे तीनशे मालमत्ता संपादित करण्यात आल्या व १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या मोकळ्या प्रांगणात अहिल्याबाईंचा पुतळा बसविला आहे. गंगेवरून थेट मंदिरात जाण्याची सोय झाली. ज्या दाट गल्ल्यांतून अहिल्याबाईंच्या काळचा यात्रेकरू मंदिरापर्यंत पोहोचत असे, त्यांपैकी अनेक नाहीशा झाल्या.

पंचगंगा आणि पुढे

पंचगंगा घाटावर फेरी संपते. वर औरंगजेबाच्या काळातील मशीद आहे. तिचे उंच मिनार जेम्स प्रिन्सेपने १८२० च्या दशकात दुरुस्त केले होते. त्यांतील एक १९४८ मध्ये कोसळला व दुसरा नंतर उतरविण्यात आला. या वास्तूला लोक ‘माधोराय का धरहरा’ म्हणत आले आहेत. मराठी पर्यटकाला त्यात हटकून माधवराव पेशवे ऐकू येतात. प्रत्यक्षात हा माधव म्हणजे येथील मूळ देवता बिंदुमाधव होय. त्याचे जुने मंदिर टॅव्हर्नियेने सतराव्या शतकात पाहून वर्णिले होते. ते पाडले गेल्यानंतर बिंदुमाधवाला आजचे, वाड्यासारखे साधे मंदिर मिळाले ते औंधच्या पंतप्रतिनिधींकडून. जवळच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खान सनईचा रियाज करीत. घाटावरील दगडी दीपमाळ अहिल्याबाईंची मानली जाते, आणि जेजुरीची दीपमाळ पाहिलेल्याला तिची घडण परकी वाटत नाही. शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, एकनाथांनी आपले भागवत काशीतच पूर्ण केले. पंचगंगेवरील मठाशी ही आठवण जोडलेली आहे. या परिसरातील ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली.

येथून गट मागे फिरतो. पंचतीर्थीतील आदिकेशव हे स्थान उत्तरेस, वरुणेच्या संगमावर आहे. तेथवर पायी नेणारी सहल क्वचितच आढळते, कारण वाटेत भव्य घाट कमी होत जातात. त्या टोकाला, १८८७ मध्ये खुल्या झालेल्या रेल्वेपुलाच्या बाजूला, राजघाटाचे पठार आहे. १९४० मध्ये रेल्वेच्या कामासाठी खोदताना तेथे जुने अवशेष हाती लागले आणि पुढील पद्धतशीर उत्खननांत इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धापासूनच्या वस्तीचे थर उघडकीस आले. दशाश्वमेधावर उभे राहून ज्या प्राचीन काशीचे वर्णन ऐकविले जाते, तिचे मातीतले पुरावे या पठारावर आहेत.