इतिहासाचा तास आणि गावचा पाणवठा

आपल्या माध्यमिक शाळांतून इतिहासाच्या पुस्तकाला नागरिकशास्त्राचे शेपूट जोडलेले असते. इतिहासात लढाया, तह आणि सनावळ्या. नागरिकशास्त्रात सदस्यसंख्या, मुदती आणि राज्यपालांचे अधिकार. एका वेष्टनात बांधलेल्या या दोन विषयांची परस्परांशी ओळख मात्र कुणी करून देत नाही. ही निव्वळ अध्यापनातील उणीव आहे असे मला वाटत नाही. हक्क कुणी, कुणाशी झगडून मिळवले हे न सांगता ते शिकवले, की ते सरकारने उदार होऊन दिलेल्या सवलतीसारखे दिसू लागतात. ज्यांच्या बापजाद्यांनी हे हक्क लढून मिळवले त्यांच्याच मुलांना मग 'सवलतवाले' म्हणून हिणवणे सोपे जाते.

नागरिकशास्त्र हा विषय मुळात वसाहतकाळात आला. राज्याशी एकनिष्ठ प्रजा घडवावी, हा त्यामागील हेतू होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या उगमाची दखल घेतली आणि त्याच्या जागी राज्यशास्त्र आणण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात नववी-दहावीच्या पुस्तकांवर आज 'इतिहास व राज्यशास्त्र' असेच नाव आहे. दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहासावर धडा आहे, सामाजिक व राजकीय चळवळींवर धडा आहे आणि धड्याअखेर 'उपक्रम'ही दिलेला असतो. पुस्तक पुढे गेले. वर्ग मात्र मागेच राहिला. उपक्रम म्हणजे चित्रे कापून चिकटवही भरणे, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी उरला आहे.

महाविद्यालयात इतिहास शिकवताना याचा प्रत्यय मला दरवर्षी येतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना २० मार्च १९२७ ही तारीख पाठ असते. परंतु चवदार तळे कुणाच्या ताब्यात होते, हे विचारले की वर्ग गप्प होतो. वास्तविक महाडचा लढा म्हणजे नागरिकशास्त्राचे जिवंत पुस्तकच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. ११ सप्टेंबरला सरकारी आदेश निघाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळ, शासन आणि स्थानिक संस्था या तिन्ही पायऱ्या कागदावर पूर्ण झाल्या होत्या. तरीही तीन वर्षे अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. ती १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लागली. लगेच ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहाच्या तोंडावर न्यायालयाकडून मनाईहुकूम आणला गेला, आणि दावा उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला निकाली निघाला.

त्या दाव्यात स्पृश्यांची सारी भिस्त 'पुरातन वहिवाटी'वर होती. न्यायालयापुढे प्रश्न आला तो हा, की ही वहिवाट खरोखर किती जुनी आणि तिला पुरावा काय? ती पुरातन असल्याचे सिद्ध झाले नाही. 'केव्हापासून आणि कशावरून?' हा तर इतिहासाचा पहिला प्रश्न! नागरी हक्काचा निवाडा इतिहासाच्या प्रश्नावर झाला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द आले, तेव्हा त्यांच्यामागे १९२३ पासूनचा हा सगळा झगडा उभा होता. हे दोन धडे एकाच तासाला शिकवले, तर अनुच्छेद पाठ करावा लागणार नाही.

आता समाजोपयोगी उपक्रमांविषयी. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव व समाजसेवा यांची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही कल्पना मांडली. कल्पना चांगली होती, पण ती जातीच्या गावात उतरली. माझे शालेय शिक्षण या शतकाच्या आरंभी झाले. शनिवारच्या श्रमदानात पाटलांची मुले झाडांना पाणी घालत आणि आमच्या वस्तीतील मुलांच्या हाती झाडू व मुतारीची बादली येई. तसा नियम कुणी केला नव्हता. मास्तरांची बोटे आपोआप आमच्याकडे वळत. इतिहासाचे भान नसलेली समाजसेवा जातिव्यवस्थेचीच सेवा करते, हे मी घरातला पहिला पदवीधर होण्यापूर्वीच शिकलो होतो. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी नांगर किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारा शिक्षक मागितला होता. कष्टाची लाज कुणालाच वाटू नये, असा त्याचा अर्थ. कष्ट ठरावीक मुलांच्याच वाट्याला यावेत, असा नव्हे.

म्हणून उपक्रम झाडूचा नको, प्रश्नाचा हवा. त्याचा नमुनाही आपल्यापाशी आहे. १९७० च्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम चालवली, गावोगाव जाऊन कोण कुठे पाणी भरतो याची पाहणी केली. नववीच्या वर्गाला हेच काम देता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आधी आपल्याच घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे: नळ येण्यापूर्वी पाणी कुठून आणत होता? त्या विहिरीवर कोण येत नसे? का? मग वर्गाने गावाचा नकाशा काढावा. कोणत्या वस्तीपासून नळ किती पावलांवर आहे ते मोजावे. पंचायतीचे जुने ठराव पाहावेत. दप्तर दाखवले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा कशासाठी आहे तेही कळेल. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. आपल्या गावात पाटी बदलली का आणि बोलण्यातले नाव बदलले का, हेही नोंदवावे. शेवटी अनुच्छेद १५ आणि १७ समोर ठेवून अहवाल लिहावा आणि शिक्षकांमार्फत तो ग्रामसभेपुढे ठेवावा.

यात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. दलित विद्यार्थ्याला वर्गात उभे करून त्याच्या घरच्या अपमानाचे प्रदर्शन मांडू नये. तो पुरावा नव्हे; तो संशोधक आहे. नाकारलेल्या पाण्याचा हिशेब जेवढा आमच्या आजीने द्यायचा, तेवढाच नाकारणाऱ्याच्या आजोबांनीही द्यायचा आहे.

'यामुळे गावात तेढ निर्माण होईल', अशी भीती अनेक शिक्षक बोलून दाखवतात. ती अगदीच निराधार नाही. बदलीची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर असते. म्हणून हे काम एकट्या शिक्षकावर न टाकता इतिहासाच्या शिक्षकांनी तालुक्यात गट करून ते हाती घ्यावे, कार्यकर्त्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाठीशी राहावे. परंतु तेढ प्रश्नामुळे निर्माण होत नाही. ती विहिरीच्या काठावर आधीपासूनच होती. मुले तिची फक्त नोंद करतील. आणि ज्याने पंधराव्या वर्षी आपल्या गावच्या पाण्याचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिला, त्याला अठराव्या वर्षी मत कशासाठी द्यायचे हे कुणाकडून शिकावे लागणार नाही.