मंडळी आणि महासभा

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ आहे. इमारत नव्हे, धर्मगुरूंची उतरंडही नव्हे. एकत्र जमलेली माणसे म्हणजेच चर्च, हा अर्थ त्यात सहज उतरला आहे. बाप्टिस्ट पंथाने हाच अर्थ टोकापर्यंत नेला. (१८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा विल्यम केरी याच पंथाचा.) पहिल्या इंग्रज बाप्टिस्टांपैकी थॉमस हेल्विस याने १६१२ साली राजालाच बजावले की प्रजेच्या आत्म्यावर राजाची सत्ता चालत नाही. त्याची किंमत त्याने न्यूगेटच्या तुरुंगात मोजली. पुढे प्रत्येक मंडळी स्वायत्त झाली. आपला पाळक तीच निवडणार, दीक्षा तीच देणार, दूरही तीच करणार. वर बिशप नाही, पोप नाही.

सत्तेपुढे उभे राहण्यासाठी दुर्बलांनी घडवलेले हे तत्त्व अमेरिकेत दुर्बलांविरुद्धच कसे वापरले गेले, हा अलीकडचा इतिहास आहे.

सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही महासभा १८४५ साली ऑगस्टा येथे स्थापन झाली ती गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमावे की नाही या वादातून. आज तिच्याशी हजारो मंडळ्या संलग्न आहेत. दर वर्षी जूनमध्ये अधिवेशन भरते आणि तेथे येणाऱ्यांना ‘प्रतिनिधी’ न म्हणता ‘संदेशवाहक’ म्हणतात, कारण मंडळी आपला अधिकार कोणाकडेही सोपवत नाही! शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोरपणा क्वचितच आढळतो.

२००२ साली बोस्टनमधील कॅथलिक धर्मगुरूंची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा निदान बिशपच्या दफ्तरात कागद होते. गुन्हेगार पाद्र्याची बदली करायची तर हुकूम काढावा लागे. बाप्टिस्टांत हुकुमाचीही गरज नव्हती. मुलांवर अत्याचार करणारा पाळक गाजावाजा न होता राजीनामा देई, बदनामीच्या धास्तीने मंडळी तो स्वीकारी आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्या राज्यातील व्यासपीठावर उभा राही. नव्या मंडळीने चौकशी करायची तरी कोणाकडे?

क्रिस्टा ब्राउन आणि त्यांच्यासारख्या पीडितांची मागणी म्हणूनच साधी होती: ज्यांच्यावरील आरोप विश्वासार्ह ठरले आहेत अशांची एक यादी ठेवा. २००८ साली इंडियानापोलिसच्या अधिवेशनात कार्यकारी समितीने ती फेटाळली. मंडळ्या स्वायत्त आहेत, महासभा त्यांच्यावर काही लादू शकत नाही, हे त्यामागील मुख्य कारण. तर्क म्हणून हे उत्तर मला लंगडे वाटते. यादी कोणाला हुकूम देत नाही, ती केवळ माहिती देते. पाळक नेमण्याचा निर्णय स्वतः घेणाऱ्या मंडळीलाच तर तिची सर्वांत अधिक गरज.

शिवाय १९९२ साली, याच शहरात, समलिंगी व्यक्तींना मान्यता दिल्याबद्दल नॉर्थ कॅरोलिनातील दोन मंडळ्यांना महासभेने बाहेर काढले होते. तेव्हा स्वायत्तता आड आली नाही. कोणाशी सहकार्य करायचे हे ठरवण्याचा हक्क महासभेलाही आहे, असा त्यावर खुलासा केला जातो आणि तो चुकीचा नाही. पण तोच हक्क मुलांसाठी वापरता येईल, हे घटनेत नमूद व्हायला २०२१ साल उजाडले.

त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील दोन वृत्तपत्रांनी वीस वर्षांची प्रकरणे धुंडाळून दाखवले होते: सुमारे ३८० आरोपी पाळक, सेवक आणि स्वयंसेवक, सातशेहून अधिक पीडित. संदेशवाहकांनी २०२१ साली नॅशव्हिल येथे स्वतंत्र चौकशीचा आग्रह धरला. मे २०२२ च्या अहवालाने सर्वांना स्तब्ध केले. जी यादी ठेवणे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ती कार्यकारी समितीच्या कार्यालयातच २००७ पासून तयार होत होती, सातशेहून अधिक नावांची. पीडितांना मात्र तिचा पत्ताही लागू दिला नव्हता.

अहवालातून आणखी एक गोष्ट दिसते. महासभेचे मंडळ्यांवर नियंत्रण आहे असे न्यायालयात ठरले, तर भरपाईचा बोजाही महासभेवर येईल, ही वकिलांची चिंता होती. ती चिंता धर्मतत्त्वाच्या भाषेत बोलत राहिली. साहित्याच्या अभ्यासकाने ही कागदपत्रे वाचावीत ती यासाठी: हेल्विसचा शब्द तोच आहे, फक्त तो उच्चारणारा आता तुरुंगात नाही, दफ्तरात बसला आहे.

जून २०२२ मध्ये ॲनहाइमच्या अधिवेशनाने यादी करण्याचे ठरवले. जून २०२४ मध्ये पुन्हा इंडियानापोलिस. संकेतस्थळ दाखवण्यात आले; त्यावर एकही नाव नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यादी हा तूर्त प्राधान्याचा विषय नसल्याचे सांगण्यात आले.

२०२४ च्या त्याच अधिवेशनात सुमारे ९२ टक्के मतांनी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाची एक जुनी मंडळी बाहेर काढली गेली. स्त्रियांना पाळकपद देता येते असे ती मानत होती, आणि मुले व स्त्रिया यांच्यासाठी तिने पाळक म्हणून एका स्त्रीला नेमले होते.