किराणा भरून ठेवा, असं सांगता कोणाला?

२४ मार्च २०२० ची रात्र आठवा. आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली आणि बारा वाजल्यापासून देश बंद झाला. हातात चार तास. त्या चार तासांत गावोगावच्या किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या, आमचं चाळीसगावही त्याला अपवाद नव्हतं. गाडीच्या डिकीत तेलाचे डबे, पिठाची पोती, साखर, डाळी. पुढचे काही दिवस सगळीकडून एकच उपदेश चालू होता. महिन्याभराचं सामान भरा, दार लावा, घरात बसा, स्वतःला आणि देशाला वाचवा.

आमच्या वस्तीतल्या एका आजीने या सगळ्यावर एका वाक्यात टीका केली. "घरमा दाना नही, आन म्हंतस दार लाई बठा."

आजी शाळेत गेलेली नाही. पण टीव्हीवर बसलेल्या एकाही तज्ज्ञाला जे सुचलं नाही ते तिने विचारलं. घरात साठा करून साथ संपायची वाट पाहणं हा शहाणपणाचा भाग आहे, हे मान्य. पण तो शहाणपण वापरण्याची सोय या देशात कोणाला होती? आमचं म्हणणं असं की घरातला साठा ही सवयीची किंवा काटकसरीची गोष्ट कधीच नव्हती. कोणाच्या घरात धान्य साठेल आणि कोणाच्या घरात साठणार नाही, हे गावगाड्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

जुन्या वाड्यांत बळद असायचं, कणगी असायची, गावात जमिनीखाली पेवं असायची. उन्हाळ्यात पाटलाच्या अंगणात बिबडे, कुरडया, सांडगे वाळायचे. खान्देशी खाद्यसंस्कृती म्हणून आज त्याचे कौतुकाचे व्हिडिओ निघतात, बघायला छान वाटतात. आता महारवाड्यात या. महाराला गावकीच्या कामाचा मोबदला कसा मिळायचा? खळ्यावर बलुतं, तेही मालकाच्या मर्जीने, आणि रोजच्या रोज दारोदार फिरून गोळा केलेली भाकरी. भाकरी साठवता येते का? दुसऱ्या दिवशी ती वाळते, तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मजुरी शिजवलेल्या अन्नात देणं यात फार मोठी हुशारी आहे. ज्याला रोज संध्याकाळी तुमच्या दारात यावंच लागतं, तो तुमच्याशी भांडणार कसा?

या चौकटीत साथीचा रोग आला की काय होत असेल ते डोळ्यांपुढे आणा. गावात कोणी मेलं की परगावच्या नातेवाइकांना सांगावा पोहोचवायचा महाराने. सरपण फोडायचं महाराने. वेशीवर जागायचं येसकराने. म्हणजे जेव्हा बाकीचं गाव दार लावून बसणार, तेव्हा याने गावोगाव हिंडायचं. आणि पोट भरायला जी भाकरी आणायची ती त्याच आजारी घरांच्या दारातून. प्लेगच्या काळात गावं उठून शेतांत, माळावर झोपड्या घालून राहायची. ज्याचं शेत होतं त्याचं ठीक. ज्याचं शेत नव्हतं आणि ज्याला भाकरी वाढणारी घरंच उठून गेली, त्याने काय करायचं?

प्लेगचा इतिहास शाळेत आपण शिकलो तो पुण्याचा. रँड, घराघरांतली झडती, २२ जून १८९७ च्या गोळ्या. त्याच वर्षी १० मार्चला त्याच प्लेगने सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं आणि त्यांना लागण झाली. गोरा शिपाई सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात शिरला याचा संताप पानंच्या पानं भरून लिहिला गेला. ज्या घरात स्वयंपाकालाच काही नव्हतं त्या घरावर किती ओळी आल्या, तुमचं जुनं पाठ्यपुस्तक काढून बघा.

"रोग जात बघत नाही." कोरोनाच्या दिवसांत हे वाक्य आपण शंभरदा ऐकलं, आपल्यातल्याही काहींनी ते व्हॉट्सॲपवर फिरवलं. १९१८ चा इन्फ्लुएंझा घ्या. मुंबई शहरात त्या तापाने हजारी किती माणसं मेली याचे जातवार आकडे नोंदले गेले. युरोपियन ८.३. पारशी ९. मुसलमान १९.२. ज्यांना नोंदीत 'इतर हिंदू' म्हटलं ते १८.९. आणि ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं ते ६१.६. एकच शहर, एकच ताप. स्पृश्य हिंदूंच्या तिपटीहून जास्त आणि साहेबांच्या सातपट माणसं आपली मेली.

यात कोंदट खोल्यांचा वाटा होता, आधीच खंगलेल्या शरीरांचा होता, त्या वर्षी पाऊस बुडाला आणि धान्य महागलं त्याचाही होता. सगळं खापर रिकाम्या डब्यावर फोडावं असं आम्ही म्हणत नाही. पण हा ताप घरातल्या सगळ्यांना एकदमच आडवं करायचा. कमावणारा पडला, रांधणारी पडली, पाणी आणणारी पोरगी पडली. औषध नव्हतंच, पेनिसिलिन दहा वर्षांनी सापडलं. तगायचं ते विश्रांती, पाणी आणि पेजेवर. घरात आठ दिवसांचे तांदूळ असले तर माणूस आठ दिवस पडून राहू शकतो. नसले तर तिसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊन गिरणीच्या फाटकावर उभा राहतो.

मग आपल्याकडे साठा नव्हताच का? एक होता. चान्या. मेलेल्या ढोराच्या मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळ्यासाठी, उपासमारीसाठी मडक्यात भरून ठेवायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या अन्नाची नीट नोंद केली आहे, तरुणांनी ते वाचावं. ज्यांना जिवंत जनावर पोसायची ऐपत नव्हती, त्यांचं कोठार गावातल्या मेलेल्या जनावरांवर भरायचं.

हे लक्षात घेतलं की महाडचा अर्थ वेगळा दिसायला लागतो. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितलं. आपण त्याकडे स्वाभिमानाची हाक म्हणून पाहतो, ती होतीच. पण ज्या बाईने हे ऐकून घरातलं मडकं रिकामं केलं, तिने आपला एकुलता एक साठा फेकला होता. पुढच्या पावसाळ्यात पोरांना काय घालायचं याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तरीही तिने तो फेकला. नेत्यांच्या भाषणांइतकीच या निर्णयाची किंमत मोजली पाहिजे, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासात ती पुरेशी मोजलेली नाही असं आमचं मत आहे.

सवर्णांनाही या निर्णयाचं महत्त्व लगेच कळलं. त्यांनी दुकानं बंद केली. मार्चच्या परिषदेलाच पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून घ्यावं लागलं होतं. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला तर मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. महाडचे व्यापारी काही विकणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर स्वागत समितीने बाहेरगावाहून धान्य आणि सामान आणलं. सुमारे दहा दिवस पुरेल इतकं. मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबरची रात्र सगळ्यांना पाठ आहे. त्या दहा दिवसांच्या धान्याशिवाय ती रात्र कशी उभी राहिली असती?

आता आमच्या चाळीसगावची गोष्ट. २३ ऑक्टोबर १९२९. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. तडजोड अशी झाली की टांगा भाड्याने देऊ, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. हाकणाऱ्याला सवय नव्हती. नदीच्या फरशीवर घोडा बुजला, चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. महारवाड्यातल्या बायाबापड्यांनी आक्रोश करत त्यांना उचलून नेलं.

आम्ही ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी टांग्यापाशीच थांबतो. ते त्या दिवशी चाळीसगावला उतरले होते कशाला? मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या तक्रारी तपासायला स्टार्ट समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते, खान्देशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायला ते उतरले, गाडी बदलून त्या गावी गेले आणि परत आले. पाय मोडला तो परतीच्या वाटेवर. म्हणजे मूळ गोष्ट बहिष्काराची आहे, टांगा नंतर येतो.

बहिष्कारात काय असतं ते त्या समितीच्या अहवालात आलं आहे. हक्क मागितला की कसायला दिलेली जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद, गावकीचं बलुतं बंद, रोजच्या वाटेने जायला बंदी, आणि गावच्या वाण्याने मीठमिरचीसुद्धा विकायची नाही. २०२० मध्ये देशाने ज्याला पहिल्यांदाच पाहिलेलं संकट म्हटलं, ते हेच ना? कामावर जाता येत नाही, रस्त्यावर फिरता येत नाही, दुकान उघडत नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी हे रोगाशिवाय भोगलं, फक्त 'आम्हीही माणसं आहोत' म्हटल्याबद्दल. आणि त्या बंदीला एकवीस दिवसांची मुदत नव्हती. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ चा आहे आणि तो लागू झाला २०१७ मध्ये, यावरून काय ते समजा.

म्हणूनच १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं. गावकीच्या कामाचा पगार पैशांत मिळावा, बलुत्याच्या मेहेरबानीवर नको, हा त्याचा रोख होता. पैसा साठतो, भाकरी साठत नाही. बिल पास झालं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, बाबासाहेबांच्या पश्चात.

"हे सगळं जुनं झालं, आता घराघरांत फ्रिज आहे," असं आमच्यातलीच काही पोरं म्हणतात. ज्यांचा महिन्याचा पगार आहे त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण आमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मार्च २०२० मध्ये अशी हजारो माणसं कारखान्यांच्या कोप्यांत अडकली होती. कोपीत महिन्याचा किराणा कुठे ठेवणार? केंद्राने माणशी पाच किलो मोफत धान्य दिलं, तेही रेशनकार्ड असलेल्यांना, आणि सुरुवातीला तांदूळच. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या खान्देशाला! आम्ही त्या दिवसांत वस्तीवस्तीत शिधा वाटला तेव्हा आमच्या यादीत सगळ्यात जास्त नावं कार्ड नसलेल्यांची होती, सुनेचं नाव न चढलेलं, भाड्याच्या खोलीमुळे पत्त्याचा पुरावा नसलेलं, कार्ड सावकाराकडे ठेवलेलं. त्यांच्यात सफाईचं काम करणाऱ्या बायाही होत्या. घरात बसा हा आदेश त्यांना कधी लागूच नव्हता.

त्या पावसाळ्यापासून आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या दोन कोठ्या आहेत. दर पौर्णिमेला ज्या घराला जमेल त्या घरातून किलो-दोन किलो दादर नाहीतर डाळ येते. कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची, उन्हाळ्यात उन्हं द्यायची, जुनं आधी काढायचं, ही सगळी व्यवस्था बायांनी बसवली आणि किल्लीही त्यांच्याकडेच असते. कोणी नेलं याची वही आहे, ती चारचौघांत वाचायची नाही असा नियमही त्यांचाच. दोन कोठ्या पुरत नाहीत, आणखी चार हव्यात. यंदा जयंतीच्या वर्गणीतून त्या घ्याव्यात असं आम्ही बैठकीत मांडलं. तासभर वाद झाला, मतं मोजली गेली आणि डीजे जिंकला. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा मांडणार आहोत.