मायासृष्टीतील चित्रपट आणि त्याची मंडळी

बंगळूर शहराच्या जुन्या किल्ल्यालगत चामराजपेट ही वसाहत आहे. दहावे चामराज वडियार यांच्या कारकिर्दीत, 1892 साली, आखीव रस्त्यांची ही वस्ती वसविण्यात आली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. कन्नड साहित्य परिषदेचे घर याच वसाहतीत आहे. 1915 साली परिषद स्थापन झाली, तेव्हा कर्नाटक नावाचे राज्य नकाशावर नव्हते. कन्नड बोलणारी माणसे म्हैसूर संस्थान, मुंबई आणि मद्रास हे इलाखे, निजामाचे राज्य व कोडगू अशी विखुरलेली होती. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ कन्नडात नेणारे आलूर वेंकटराव यांच्यासारख्या माणसांना जो कर्नाटक दिसत होता, तो भूगोलात सापडण्याजोगा नव्हता. 1956 मध्ये तो प्रदेश एका राज्यात आला आणि 1973 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ ही परिषद अशा एका देशाचे सभागृह होती, जो केवळ भाषेत वसत होता.

परिषदेचा इतिहास सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. नकाशावर नसलेल्या जगात माणसांचा समूह कसा उभा राहतो आणि कशाने टिकतो, हा प्रश्न मात्र चामराजपेटेतील त्या वास्तूपुढे उभे राहिले असता सहज सुचतो. आणि तोच प्रश्न आज एका अगदी वेगळ्या कलेच्या संदर्भात विचारण्याजोगा झाला आहे. संगणकाने निर्माण केलेल्या आभासी जगात शिरून तेथेच चित्रपट घडविणाऱ्या मंडळींची ही कला होय. तिला ‘मशिनिमा’ असे नाव आहे. तिचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा; परंतु एवढ्या अवधीत तिने उदय, उत्कर्ष, विस्मृती आणि पुनरुज्जीवन अशा चारही अवस्था पाहिल्या आहेत. समीक्षकाला अभ्यासासाठी इतके आटोपशीर उदाहरण क्वचितच मिळते.

या कलेची रीत आधी समजून घेतली पाहिजे. ‘क्वेक’ नावाचा संगणकीय खेळ 1996 साली बाजारात आला. दालने, जिने, भुयारे यांनी भरलेल्या एका काल्पनिक जगात शिरून खेळाडूंनी एकमेकांवर गोळ्या झाडावयाच्या, एवढेच त्याचे स्वरूप. त्याच वर्षी ‘रेंजर्स’ नामक खेळाडूंच्या एका टोळीने त्या जगात लढाईऐवजी एक लहानसा प्रसंग वठविला. ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ हे त्याचे नाव आणि दीड मिनिटाच्या आसपास त्याची लांबी. कथा म्हणावी तर नाममात्र. अभिनय म्हणावा तर बाहुल्यांची धावपळ. तरीही येथे एक मूलभूत गोष्ट घडली होती. पाहणाऱ्याची दृष्टी खेळाडूच्या डोळ्यांतून सुटून स्वतंत्रपणे हिंडू लागली होती. खेळाचे रणांगण रंगभूमी झाले होते.

या आरंभकाळातील एक तांत्रिक तपशील वाङ्मयाच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा. हे आद्य चित्रपट चित्रांच्या रूपाने साठविलेले नसत. कोणते पात्र केव्हा कोठे गेले, केव्हा वळले, केव्हा पडले, याची केवळ नोंद साठविली जाई. ती नोंद मिळविणाऱ्याजवळ मूळ खेळ असला तरच त्याचे यंत्र तो प्रसंग नव्याने वठवून दाखवी. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर प्रेक्षकाच्या हाती चित्रपट येत नसे, संहिता येई. आणि प्रयोग त्याच्या घरी होई. त्यामुळे प्रेक्षक होण्यासाठी त्या जगाचा रहिवासी असणे भाग होते. ज्याला ते पाहता येई, त्याला ते करून पाहण्याची साधनेही त्याच क्षणी हाताशी असत. रसिक आणि कलावंत यांच्यामधील उंबरठा इतका ठेंगणा क्वचितच असतो. या कलेभोवती मंडळी जमली ती कोणाच्या आवाहनाने नव्हे, या ठेंगण्या उंबरठ्यामुळे जमली, असे मला वाटते.

पुढे 2000 सालाच्या सुमारास हे चित्रपट सर्वसाधारण चलच्चित्राच्या रूपात प्रसृत होऊ लागले. आता खेळ जवळ नसलेल्यालाही ते पाहता येऊ लागले. प्रेक्षक वाढला, पण तो आपोआप सहकारी होईनासा झाला. जे आपसुक घडत होते ते आता संस्थेने घडवून आणणे आवश्यक झाले. आणि नेमक्या याच वर्षांत या कलेच्या संस्था उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हे. एडिंबरोचे ह्यू हॅन्कॉक यांनी 2000 साली या कलेचे पहिले मोठे सामायिक व्यासपीठ सुरू केले. 2002 मध्ये अमेरिकेत या कलेची एक अकादमी स्थापन झाली आणि त्याच वर्षी टेक्सासमधील मेस्किट या गावी, खेळाडूंच्या वार्षिक मेळाव्यातच, तिचा पहिला महोत्सव भरला. कलेचे नाव त्याआधीच, 1998 साली, रूढ झाले होते. ‘मशीन’ आणि ‘सिनेमा’ हे शब्द सांधून अँथनी बेली यांनी ते सुचविले आणि हॅन्कॉक यांच्या हातून लिहिताना त्यात एक अक्षर चुकले. ती चूक दुरुस्त करण्याची गरज कोणाला वाटली नाही. मंडळी जमल्याची ही पहिली खूण म्हटली पाहिजे. कारण समूहाने एकदा स्वीकारलेल्या अशुद्धाला व्याकरणाचा धाक उरत नाही.

मराठी वाचकाला या साऱ्यात परके वाटण्याजोगे फारसे काही नाही. आपण नाटकाच्या संस्थेला ‘मंडळी’ म्हणत आलो, यातच कलेपूर्वी माणसे जमतात ही जाण आहे. 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगविणारे विष्णुदास भावे हे बाहुल्या घडविणारेही होते, आणि त्यांच्यापुढे नमुना होता तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचा. निर्जीव आकृतीला चालविणारा हात आणि तिच्या मुखी शब्द घालणारा कंठ एकाच माणसाचा असावा, ही कल्पना आपल्या रंगभूमीच्या पायाशीच आहे. आभासी जगातील चित्रपटकर्त्याचे कामही तत्त्वतः हेच. त्याच्या बोटांखाली दोऱ्या नसतात, कळफलकावरील कळा असतात, इतकाच भेद.

याहूनही जवळचा दाखला कर्नाटकातच मिळतो. तेथे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आहे. त्याला ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात. कातडे पातळ करून, रंगवून, त्याला छिद्रे पाडून आकृती करावयाच्या आणि मागे दिवा ठेवून पडद्यावर रामायण-महाभारत उभे करावयाचे, असा हा खेळ. तो परंपरेने चालवीत आलेल्या शिळ्ळेक्यात समाजाच्या घरात मराठीची एक बोली बोलली जाते. घरी मराठी वळणाची बोली, पडद्यावर कन्नड आणि कथा सर्व भारताची, अशी ही माणसे. त्यांच्यापैकीच कोप्पळ जिल्ह्यातील वृद्ध कलावती भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जतन केल्या, तोही याच कुळाचा वारसा. दिव्याच्या उजेडात क्षणभर उभे राहणारे आणि दिवा मालवताच नाहीसे होणारे जग पिढ्यान्‌पिढ्या कसे सांभाळावे, हे या घराण्यांना ठाऊक होते.

मात्र हे साम्य एका मर्यादेपर्यंतच ताणावे. छायाखेळाची मंडळी जन्माने ठरते. मूल पडद्यामागेच वाढते, आणि शिकणे व जगणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नसतात. आभासी जगातील मंडळी परस्परांचे चेहरेही न पाहिलेल्या माणसांची. तिचे बळ आणि तिचा दुबळेपणा दोन्ही येथेच आहेत. बळ कोणते, ते 2005 साली दिसले. त्या वर्षी पॅरिसच्या उपनगरात पोलिसांपासून लपताना दोन मुले मृत्यू पावली आणि दंगली उसळल्या. पूर्वी कधी चित्रपट न केलेल्या ॲलेक्स चॅन या तरुणाने ‘द मूव्हीज’ नावाच्या खेळातील तयार नेपथ्य वापरून ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’ हा लघुपट त्याच वर्षी केला. खेळात पॅरिस नव्हते, म्हणून अमेरिकी शहराच्या नेपथ्यावर त्याने पॅरिस मानून घ्यावयास लावले. कसबाच्या दृष्टीने हा पट ओबडधोबड आहे. पण ज्यांच्याविषयी वृत्तपत्रे बोलत होती, त्यांच्या बाजूने बोलणारा आवाज त्यातून जगभर ऐकू गेला. घराणे नाही, भांडवल नाही, स्टुडिओ नाही, अशा माणसाला ही कला आपली म्हणता आली.

दुबळेपणा असा, की ही सारी मंडळी दुसऱ्याच्या घरात राहणारी. आभासी जग ज्या कंपनीने घडविले, त्यावर तिची मालकी. त्यात चित्रपट करावा की नाही, केल्यास त्याचे मोल घ्यावे की नाही, हे तीच ठरविणार. 2007 साली मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांपुरते याचे लेखी नियम जाहीर केले. म्हणजे तोवर चाललेले सर्व काही घरमालकाच्या मूक संमतीवर चालले होते. पुढे ज्या व्यासपीठावर मंडळी प्रथम जमली, तेही हात बदलत बदलत मोठे व्यापारी जाळे झाले. हॅन्कॉक त्यातून आधीच बाहेर पडले होते. 2018 मध्ये ते अकाली निवर्तले. जानेवारी 2019 मध्ये त्या जाळ्यावरील चित्रपट एकाएकी प्रेक्षकांच्या दृष्टीआड करण्यात आले. अनेक कर्त्यांची वर्षांची मेहनत एका दिवसात अदृश्य झाली. जे वाचले, त्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील हेन्री लोवुड यांच्यासारख्या अभ्यासकांनी आधीच निगुतीने करून ठेवलेल्या संग्रहाचा वाटा मोठा आहे.

या घटनेकडे पाहून यंत्रयुगाच्या क्षणभंगुरतेवर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. त्याचा आज काही अंशच उपलब्ध आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी उभी केलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कलावंतांची खरीखुरी मंडळी होती. तिच्यातूनच 1929 साली ‘प्रभात’ निघाली. पण पेंटरांचे मूकपट बहुतेक गेले. ‘प्रभात’च्या पुण्यातील आवारात 1960 साली चित्रपट-शिक्षणाची संस्था आली, 1964 साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून उरलेसुरले गोळा केले. म्हणजे पहिल्या चित्रपटापासून संग्रहापर्यंत पोहोचावयास आपल्याला पन्नास वर्षे लागली. या नव्या मंडळींच्या अभ्यासकांनी दहा वर्षांच्या आत संग्रहाचा आरंभ केला होता.

ही कला त्यानंतरही संपली नाही. साथीच्या काळात इंग्लंडमधील नाट्यगृहे बंद असता सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरव्हीन या दोन नटांनी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या हाणामारीच्या खेळातील शहरात ‘हॅम्लेट’ करावयाचे ठरविले. अनोळखी खेळाडूंतून पात्रे निवडावयाची, तालमी चालू असता कोणी येऊन गोळ्या झाडाव्यात, मेलेल्या नटाने पुन्हा उठून संवाद म्हणावा, असा तो खटाटोप. क्रेन यांच्या पत्नी पिनी ग्रिल्स यांच्यासह त्याचा जो चित्रपट झाला, त्याला 2024 साली अमेरिकेतील साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात माहितीपटाचे परीक्षक-पारितोषिक मिळाले. त्यात लक्षात राहते ती एकाकी माणसांची एकत्र येण्याची ओढ. शेक्सपिअर निमित्त ठरतो.

आणि येथे आपण पुन्हा बंगळुरात येतो. याच शहरात 1997 साली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातील आरंभीची खेळनिर्मिती कंपनी निघाली. परदेशी खेळांसाठी दृश्ये, आकृती, वाहने घडवून देणे हे तिचे मुख्य काम. ज्या रॉकस्टार कंपनीच्या जगात ते ‘हॅम्लेट’ रंगले, तिनेच 2019 साली ध्रुव विकत घेतली. परक्या जगांच्या भिंती रंगविणारे कुशल हात आपल्याकडे अनेक वर्षे आहेत, हा त्याचा अर्थ. त्या भिंतींआड आपली कथा सांगणारी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कथेची चिकित्सा करणारी मंडळी मात्र अद्याप आपल्याकडे जमलेली नाही.

ती कशी जमावी, याचे उत्तर चामराजपेटेत आहे. राज्य नसताना त्या परिषदेने संमेलने भरविली, नियतकालिक चालविले, आणि पुढे आठ खंडांचा कोश सिद्ध केला. भूमी दुसऱ्याची होती, शब्द आपले होते. आणि शब्दांची नोंद, तुलना व पारख करण्याचे काम तिने कोणावर सोपविले नाही. आभासी जगाची भूमी आपल्या मालकीची होईल, अशी चिन्हे नाहीत. परंतु तेथे काय घडले याचे स्मरण, आणि त्यात चांगले कोणते याचा विवेक, या दोन गोष्टींना घरमालक नसतो. शिळ्ळेक्यातांच्या पडद्यामागील दिवाही दर रात्री मालवला जाई. खेळ टिकला तो दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सांगणारे कोणी घरात होते म्हणून. मराठी समीक्षेने या नव्या दिव्याकडे पोरखेळ म्हणून पाठ फिरविली, तर पन्नास वर्षांनी उरलेसुरले गोळा करीत हिंडण्याची पाळी आपल्यावर दुसऱ्यांदा येईल.